लिंक कुणाची, वेळ कुठली? ऑनलाइन बातमीदारांचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं की पोर्टलसाठी, वेबसाइटसाठी बातम्या करताना नेटवरचे कुठले शब्द अडतात ते कळवा. पत्रं, मेल, व्हॉट्सअॅप सगळीकडून प्रश्न आले आणि बऱ्याच जणांनी सुरुवातीलाच लिहिलंय की 'प्रश्न अगदी साधा आहे, हसू नका'. हसण्यासारखं यात काहीच नाही. हे शब्द अर्धवट कळले की बातमीत चूक होते आणि ती चूक आपल्या नावावर राहते, म्हणून विचाराच. या वेळी जागा पुरली तेवढे घेतले, बाकीचे पुढच्या अंकात.

प्रश्न : मी बरीच वर्षं तालुका वार्ताहर आहे. आता ऑफिसातून रोज फोन येतो की बातमीसोबत सोर्सची यूआरएल टाका. मी व्हॉट्सअॅपवर आलेली पीडीएफ पाठवतो तर म्हणतात ही चालणार नाही. यूआरएल म्हणजे वेबसाइटच ना? आणि ती सरकारी आहे की बनावट, हे आम्ही गावात बसून कसं ओळखायचं?
— वार्ताहर, हिंगोली जिल्हा

उत्तर : वेबसाइट म्हणजे अख्खं दुकान धरा, तर यूआरएल म्हणजे त्यातल्या नेमक्या एका पानाचा पूर्ण पत्ता, ब्राउझरच्या वरच्या पट्टीत दिसतो तो. ऑफिसला तो हवा असतो कारण त्यावर क्लिक करून डेस्कवरचा माणूस स्वतः तेच पान बघू शकतो, आणि तुमची पीडीएफ कुठून निघाली हे तिच्यावरून कळत नाही, ती दहा ग्रुपांतून फिरून आलेली असू शकते.

आता बनावट ओळखायचं. पत्त्यात सुरुवातीला एचटीटीपीएस आणि दोन तिरक्या रेघा असतात, त्यानंतर पहिली एकटी तिरकी रेघ येईपर्यंतचा जो भाग आहे तेवढाच बघायचा आणि तो उजवीकडून डावीकडे वाचायचा. मालक कोण ते उजव्या टोकाला ठरतं. शेवटी 'जीओव्ही डॉट इन' असेल तर ते सरकारी, कारण हे नाव बाजारात विकत मिळत नाही, एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेमार्फत फक्त सरकारी खात्यांना आणि संस्थांनाच मिळतं. पण समजा पत्ता असा आहे, 'महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन डॉट योजना-अर्ज डॉट कॉम', तर मधे कितीही सरकारी अक्षरं दिसू देत, शेवट 'योजना-अर्ज डॉट कॉम' आहे म्हणजे ते कुणाही खासगी माणसाचं पान असू शकतं. मधे आडवी छोटी रेघ घालून 'महाराष्ट्र-जीओव्ही डॉट इन' केलेलंही दिसतं, ते पण सरकारी नाही, कारण तिथे डॉटच्या जागी रेघ आहे आणि असलं नाव कुणीही विकत घेऊ शकतो. योजनांचे खोटे अर्ज, भरतीच्या खोट्या जाहिराती बहुतेक याच पद्धतीने चालतात आणि आपले वाचक त्यात पैसे घालवतात, त्यामुळे हे एवढं एक शिकून घ्याच. बँकांसाठीसुद्धा आता रिझर्व्ह बँकेने 'बँक डॉट इन' असं वेगळं शेपूट ठरवून दिलंय, २०२५ मध्येच, तिथेही हाच नियम, शेवट बघायचा.

आणि ते कुलपाचं चिन्ह असतं ना, त्यावर विसंबू नका. एचटीटीपीएस आणि कुलूप यांचा अर्थ एवढाच की तुमच्या आणि त्या साइटच्या मधे कुणी चोरून वाचू शकत नाही. साइटवाला खरा की लबाड याच्याशी त्याचा संबंध नाही, लबाड साइटलाही ते फुकट आणि काही मिनिटांत मिळतं. लोकांचा हाच गैरसमज व्हायला लागला म्हणून क्रोमने २०२३ मध्ये कुलूप काढून तिथे वेगळं चिन्ह आणलं.

तुमच्या पीडीएफचं काय करायचं तेही सांगते, कारण तालुक्याला सगळ्यात जास्त येतात ते शासन निर्णय, आपण जीआर म्हणतो ते. जीआर खाली शेवटपर्यंत वाचा. शेवटच्या परिच्छेदात एक ठरलेलं वाक्य असतं की हा निर्णय महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध करण्यात आला असून त्याचा संकेतांक अमुक आहे, आणि तो डिजिटल स्वाक्षरीने साक्षांकित केलाय. तो संकेतांक अठरा आकडी असतो आणि त्याची सुरुवात वर्ष, महिना, दिवस अशी होते. शासनाच्या साइटवर शासन निर्णयांच्या विभागात संकेतांक टाकून शोधायची सोय आहे. तिथे तो जीआर सापडला तर तिथली लिंक ऑफिसला पाठवा, आणि नाही सापडला तर बातमी थांबवून संबंधित खात्याला फोन करा. ग्रुपवर फिरणाऱ्या खोट्या जीआरमध्ये कधी संकेतांकच नसतो, कधी वरची तारीख एक आणि संकेतांकातली भलतीच असते. आधी हे तपासून घ्या, मग बातमी लिहायला बसा.

प्रश्न : आमच्या साप्ताहिकाचे जुने अंक आणि काही दिवाळी अंक आता वेबसाइटवर टाकतोय. सगळा मजकूर श्रीलिपीत आहे. कॉपी करून साइटवर चिकटवला की इंग्रजी अक्षरांचा नुसता कचरा दिसतो. मुलं म्हणतात 'युनिकोड करा'. फॉन्ट बदलला की झालं ना?
— निवृत्त उपसंपादक, सोलापूर

उत्तर : फॉन्ट बदलून होणार नाही आणि नेमकं इथेच मराठीतली कितीतरी चांगली पत्रकारिता नेटवरून गायब आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

कॉम्प्युटर अक्षर साठवतो ते आकड्याच्या रूपात. श्रीलिपी, आकृती, कृतीदेव हे जुने फॉन्ट ज्या काळात आले तेव्हा त्यांनी इंग्रजी अक्षरांच्या आकड्यांवरच देवनागरीची चित्रं बसवली. म्हणजे फाइलमध्ये प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरं आणि खुणाच आहेत, फॉन्ट असेपर्यंत त्या मराठी दिसतात, फॉन्ट काढला की खाली जे आहे ते उघडं पडतं, तुम्हाला दिसतोय तो कचरा तोच. आणि प्रत्येक फॉन्टची मांडणी वेगळी, त्यामुळे एकातलं दुसऱ्यात चालत नाही. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा कायमचा आकडा दिलेला आहे, जगात कुठल्याही फोनवर उघडा, क तो क च राहतो. म्हणून युनिकोडातला मजकूर गूगलला सापडतो, भाषांतर करता येतं, आणि ज्यांना दिसत नाही असे वाचक स्क्रीन रीडरवर तो ऐकू शकतात. जुन्या फॉन्टमधला मजकूर साइटवर दिसायला मराठी दिसला तरी शोधणाऱ्याच्या दृष्टीने तो तिथे नसतोच.

त्यामुळे कन्व्हर्टर लागणार, म्हणजे जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडात बदलून देणारं सॉफ्टवेअर. ज्या फॉन्टचा मजकूर त्याच फॉन्टचा कन्व्हर्टर वापरायचा, श्रीलिपीचे पण प्रकार आहेत ते बघून घ्या, आणि कन्व्हर्ट झाल्यावर प्रूफ वाचल्याशिवाय काहीही टाकू नका. कुठे बघायचं तर ऱ्हस्व वेलांटी शेजारच्या अक्षरावर गेली का, रफार हलला का, जोडाक्षरं फुटली का, आकडे आणि अवतरणचिन्हं बदलली का. नावांची खास काळजी घ्या, माणसाचं नाव चुकलं तर संग्रहात ते तसंच राहणार.

एक बारीक गोष्ट जी तुमच्यासारख्या उपसंपादकालाच पटेल. 'दुसऱ्या' हा शब्द दोन पद्धतींनी टाइप होतो, एकात ऱ हे खालच्या टिंबाचं अक्षर वापरलेलं असतं आणि दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मधे एक न दिसणारं जोडचिन्ह, म्हणजे असा, 'दुसर्‍या'. डोळ्यांना दोन्ही एकच, पण कॉम्प्युटरला ते दोन वेगळे शब्द. 'ॲप' आणि 'अॅप' यांचंही तेच, पहिल्यात ॲ हे एक अखंड अक्षर आहे आणि दुसऱ्यात अ वर चंद्र वेगळा ठेवलाय. तुमच्या साइटच्या शोधखिडकीत वाचकाने एक टाकलं आणि बातमीत दुसरं असलं तर 'काहीही सापडलं नाही' असं येऊ शकतं. म्हणून ऑफिसात एकदा ठरवा कुठलं वापरायचं आणि सगळा संग्रह त्याच पद्धतीने करून घ्या. हे काम किचकट आहे, वेळखाऊ आहे, पण दिवाळी अंकांतला तो मजकूर पुढच्या माणसाला सापडावा असं वाटत असेल तर करायलाच हवं. मूळ फाइली आणि छापील अंकांचे स्कॅन टाकून देऊ नका, कन्व्हर्टरने काय खाल्लं ते पुढे कधीतरी त्यांच्यावरूनच कळेल.

प्रश्न : मी पत्रकारितेच्या दुसऱ्या वर्षाला आहे, इंटर्नशिपला पोर्टलवर जाते. तिथे 'स्लग दे, स्लग बदलू नको' असं सारखं म्हणतात. स्लग मराठीत द्यायचा की इंग्रजी अक्षरांत?
— विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : यूआरएलच्या शेवटी त्या बातमीची ओळख सांगणारे जे तीन-चार शब्द येतात तो वेबवरचा स्लग. मराठीत दिला तर पट्टीत छान दिसतो, पण कॉपी करून व्हॉट्सअॅपवर पाठवलास की बऱ्याचदा प्रत्येक अक्षराचं टक्के-चिन्हांचं लांबलचक कोडं होतं, एका देवनागरी अक्षराला, काना-मात्रेलासुद्धा, नऊ खुणा. नुसता 'पाऊस' लिहिलास तरी छत्तीस. लिंक एवढी लांब झाली की लोकांना ती संशयास्पद वाटते, म्हणून बहुतेक ठिकाणी रोमन अक्षरांत स्लग देतात आणि मला तेच बरं वाटतं.

बदलू नको म्हणतात कारण स्लग बदलला की पत्ता बदलतो आणि आधी शेअर झालेल्या सगळ्या लिंका ४०४ वर जातात, म्हणजे 'या पत्त्यावर पान नाही'. शीर्षक दहा वेळा सुधारलंस तरी चालेल, स्लग तोच ठेव. बदलावाच लागला, समजा स्लगमध्येच कुणाचं नाव चुकलंय, तर टेक टीमला सांगून जुन्या पत्त्यावर ३०१ रिडायरेक्ट लावून घे, म्हणजे जुन्या लिंकवर आलेला वाचक आपोआप नव्या पत्त्यावर जातो.

प्रश्न : रोज सकाळच्या मीटिंगमध्ये पेज व्ह्यू, युजर, सेशन, बाउन्स रेट असे आकडे वाचून दाखवतात आणि ज्याचा बाउन्स रेट जास्त त्याला ऐकून घ्यावं लागतं. हे आकडे नक्की सांगतात काय?
— कंटेंट रायटर, नाशिक

उत्तर : पेज व्ह्यू म्हणजे पान किती वेळा उघडलं गेलं. एकाच माणसाने तीनदा उघडलं तर तीन. युजर म्हणजे माणसं असं समजतात पण मोजली जातात ती बहुतेक वेळा ब्राउझर आणि फोन, म्हणजे तुम्ही सकाळी मोबाइलवर आणि दुपारी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर तीच साइट बघितली की दोन युजर होऊ शकता. सेशन म्हणजे एक भेट, साइटवरची ये-जा मोजणाऱ्या गूगल अॅनालिटिक्समध्ये अर्धा तास काहीच हालचाल नाही झाली की ती भेट संपली असं धरतात.

बाउन्स रेटचा घोळ वेगळा आहे, कारण त्याची व्याख्याच बदलली. १ जुलै २०२३ पासून गूगलने जुनं अॅनालिटिक्स बंद केलं आणि त्याच्या जागी नवीन राहिलं, जीए फोर. जुन्यात माणूस एकच पान बघून गेला की साधारण तो बाउन्स धरायचे, मग त्याने दहा मिनिटं मन लावून का वाचलेलं असेना. नव्यात दहा सेकंदांपेक्षा जास्त थांबला, किंवा दुसरं पान उघडलं, किंवा साइटने महत्त्वाची ठरवलेली एखादी कृती केली, तर ती भेट चांगली धरतात, आणि यातलं काहीच नाही झालं तर बाउन्स. म्हणून जुने आणि नवे आकडे शेजारी ठेवून कुणी तुलना करत असेल तर ती चुकीची आहे, हे मीटिंगमध्ये सांगा, बिनधास्त सांगा.

दुसरं असं की आकडा कशाच्या बातमीचा आहे ते बघायला हवं. ऑगस्टमध्ये 'जायकवाडीत किती टक्के पाणी' ही बातमी उघडणाऱ्या शेतकऱ्याला एक आकडा हवा असतो, तो तुम्ही पहिल्याच ओळीत दिलात, त्याने वाचला आणि आठ सेकंदांत तो गेला. अॅनालिटिक्स त्याला बाउन्स म्हणणार, आणि माझ्या मते ती बातमी उत्तम झालीय. तोच आकडा सहाव्या परिच्छेदात दडवला तर बाउन्स रेट खाली येईल आणि शेतकरी चिडेल. वाचकाला ताटकळत ठेवून मिळवलेले सेकंद मला तरी नकोत. उलट मोठा रिपोर्ताज असेल आणि लोक दहा सेकंदांत जात असतील तर मात्र शीर्षक काहीतरी भलतंच सांगतंय का, सुरुवात अडखळतेय का, हे बसून बघा.

प्रश्न : वाळूउपशावर बातमी करतोय. गावातल्या एकाने रात्री फोटो काढून पाठवलेत, त्याचं नाव कुठेही येणार नाही असं मी कबूल केलंय. सहकारी म्हणतो फोटोच्या मेटाडेटात सगळं असतं. ते काय असतं?
— मुक्त पत्रकार, चंद्रपूर

उत्तर : सहकाऱ्याचं ऐका. फोटोसोबत फाइलमध्ये आणखी माहिती साठवली जाते, तोच मेटाडेटा, फोटोच्या बाबतीत त्याला एक्झिफ म्हणतात. कुठला फोन, किती वाजता, आणि कॅमेऱ्याला लोकेशनची परवानगी दिलेली असेल तर फोटो काढला ती नेमकी जागा अक्षांश-रेखांशासकट. तुमच्या माणसाने घराच्या गच्चीवरून फोटो काढला असेल तर त्याचं घर त्या फाइलमध्ये आहे.

हे किती महागात पडतं त्याचं उदाहरण २०१२ चं. अँटिव्हायरसवाले जॉन मॅकॅफी तेव्हा बेलीझमधून पळालेले, पोलिस त्यांना चौकशीसाठी शोधत होते, आणि त्यांच्यासोबत फिरणाऱ्या व्हाइस मासिकाने डिसेंबरमध्ये त्यांचा एक फोटो साइटवर टाकला. फोटो आयफोनचा, आत लोकेशन तसंच, आणि लोकांनी लगेच शोधून काढलं की ते ग्वाटेमालात आहेत. काही दिवसांतच तिथे ते पकडले गेले. पत्रकारांकडूनच ही माहिती बाहेर गेली, आणि तुमचा माणूस तर त्याच गावात राहणार आहे, त्याला पळून जायला जागा नाही.

व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवला की ही माहिती निघून जाते, पण 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला किंवा ईमेलने पाठवला तर तशीच राहते, आणि चांगली क्वालिटी हवी म्हणून आपणच डॉक्युमेंट मागतो. म्हणून मूळ फाइल स्वतःजवळ सुरक्षित ठेवा, पुरावा म्हणून ती लागेल, आणि डेस्कला देताना मेटाडेटा काढलेली प्रत द्या. काहीच जमत नसेल तर फोटो स्क्रीनवर उघडून स्क्रीनशॉट घ्या, त्यात मूळ लोकेशन येत नाही. मग फोटोच्या आत काय दिसतंय तेही बघा, गच्चीची जाळी, शेजारचा टॉवर, गाडीचा नंबर. मेटाडेटा काढला तरी गावातले लोक कोन बघून ओळखतात कुठून काढलाय, तेव्हा गरज पडली तर फोटो कापा किंवा वापरूच नका.

प्रश्न : एका नेत्याने केलेली पोस्ट आम्ही बातमीत एम्बेड केली होती. त्यांनी ती डिलीट केली आणि आमच्या बातमीतूनही गेली. आता ते म्हणतात मी असं लिहिलंच नव्हतं. आणि ब्लू टिक होती म्हणजे अकाउंट खरं ना?
— पोर्टल संपादक, पणजी

उत्तर : एम्बेड म्हणजे त्या पोस्टला तुमच्या पानात खिडकी उघडून देणं, पोस्ट राहते त्यांच्याच सर्व्हरवर, म्हणून तिथून गेली की तुमच्याकडून गेली. वादाची शक्यता असलेली कुठलीही पोस्ट एम्बेड करायच्या आधी तिचा मजकूर बातमीत शब्दशः लिहा, पत्त्याच्या पट्टीसकट स्क्रीनशॉट घ्या, आणि जमलं तर वेबॅक मशीनवर 'सेव्ह पेज नाऊ' करून ठेवा. वेबॅक मशीन हा इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेचा संग्रह आहे, संस्था १९९६ पासूनची आहे आणि हा संग्रह २००१ पासून सगळ्यांना खुला आहे. स्वतः काढलेल्या स्क्रीनशॉटला 'एडिट केलाय' म्हणता येतं, तिसऱ्या संस्थेकडच्या प्रतीला तसं म्हणणं अवघड जातं. फेसबुकची लॉगिनमागची पानं तिथे नीट सेव्ह होत नाहीत हे लक्षात ठेवा. आणि गूगलची कॅशे, म्हणजे गूगलने साठवलेली पानाची जुनी प्रत, तिची लिंक २०२४ मध्ये बंद झाली, त्या भरवशावर राहू नका.

वेळेचंही बघा. वेबॅकच्या लिंकमध्ये मधे एक चौदा आकडी संख्या असते, ती म्हणजे प्रत कधी घेतली ती वेळ, वर्षापासून सेकंदापर्यंत, पण ती यूटीसीमध्ये, म्हणजे जगाच्या प्रमाण वेळेत असते, भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे. समजा २०२४०८१४१९३००० असं आहे, तर ते १४ ऑगस्ट, संध्याकाळचे साडेसात, पण यूटीसी. आपल्याकडे तेव्हा १५ ऑगस्टचा रात्रीचा एक वाजलेला असतो. मतदानाच्या आदल्या दिवशी केलेली पोस्ट की मतदानाच्या दिवशी, असल्या बातमीत हे साडेपाच तास जिवावर बेततात, तेव्हा वेळ लिहिताना भारतीय वेळ असं स्पष्ट लिहा.

ब्लू टिकवरून काही ठरवू नका. एक्सवर, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवर, एप्रिल २०२३ पासून जुन्या फुकटच्या टिका काढल्या आणि आता ती पैसे भरून मिळते. अकाउंट त्या माणसाचंच आहे का हे पक्षाच्या किंवा खात्याच्या अधिकृत साइटवरून त्याची लिंक दिलीय का ते बघून, नाहीतर सरळ फोन करून ठरवा.

प्रश्न : व्हॉट्सअॅप एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहे तर सोर्सशी त्यावर बोलायला हरकत नाही ना?
— गुन्हे वार्ताहर, सांगली

उत्तर : मजकूर वाटेत कुणी वाचू शकत नाही, कंपनीसुद्धा नाही, हे खरंय आणि २०१६ पासून आहे. पण तुम्ही कुणाशी, कधी, किती वेळा बोललात ही माहिती त्या कुलपाच्या बाहेर राहते, आणि सोर्स उघडा पडायला बऱ्याचदा तेवढं पुरतं. बॅकअप ड्राइव्हवर जात असेल तर त्याचं एन्क्रिप्शन वेगळं चालू करावं लागतं, सेटिंगमध्ये जाऊन चॅट बॅकअपमध्ये ते करा. लिंक्ड डिव्हाइसेस उघडून बघा, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर कधीतरी लावलेलं वेब व्हॉट्सअॅप तसंच चालू असेल तर आधी लॉगआउट करा. टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन घाला. आणि फोन हातातून घेऊन कुणी उघडला तर एन्क्रिप्शन काही कामाचं नाही, म्हणून सोर्सचं खरं नाव फोनमध्ये सेव्ह करू नका, मेसेज आपोआप जातील अशी वेळ लावा, आणि त्यालाही त्याच्या फोनवर हे सगळं करायला सांगा.